पोळ्या लाटताना स्टेप्स वाढतात? खोटी पावलं ओळखायची आणि आवरायची कशी

सकाळपासून उंबरठा ओलांडलेला नाही, स्वयंपाक आणि भांडी उरकून आत्ता कुठे टेकलात, आणि मनगटावरचं घड्याळ सांगतंय की साडेतीन हजार स्टेप्स झाल्या. घरातल्या घरात येरझाऱ्या होतात हे खरं, पण दोन खोल्या आणि एक गॅलरी यांत साडेतीन हजार पावलं टाकायची म्हणजे दिवसभर गोल गोल फिरावं लागेल. मग घरात कुणीतरी म्हणतं, 'घड्याळ बोगस आहे, परत कर.'

परत करायच्या आधी थोडं थांबा. बहुतेक वेळा घड्याळ बिघडलेलं नसतं, आणि बदलून आणलेलं नवं घड्याळही पोळ्या लाटताना तेच करतं. दोष नेमका कुठे आहे हे शोधायला अर्धा तास पुरतो, आणि त्यावरचे उपाय बिनखर्चाचे आहेत. फक्त ते योग्य क्रमाने करावे लागतात. क्रम चुकला की माणूस आधी रीसेट मारतो, मग घड्याळ बदलतो आणि शेवटी पावलं मोजणंच सोडून देतो.

घड्याळ मोजतं तरी काय

मनगटावरच्या घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्याच्या आत काही मिलिमीटरची ॲक्सेलरोमीटरची चिप असते. हात वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे किती झटक्याने हलतो एवढंच तिला कळतं. आपण चालतो तेव्हा टाच टेकल्याचा हलका धक्का अंगातून मनगटापर्यंत पोचतो आणि हातही झुलत असतो. साध्या चालीत माणूस मिनिटाला १०० ते १२० पावलं टाकतो, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. दोन पावलांमागे हाताचा एक झोका पूर्ण होतो. घड्याळातला प्रोग्रॅम हाच नमुना शोधत असतो. ठरावीक जोराचे धक्के, सेकंदाला एक ते तीनच्या आसपास, एका लयीत आणि काही सेकंद सलग असे मिळाले की त्याच्या लेखी माणूस चालतोय.

डोकं खाजवलं, दाराची कडी काढली, पेला उचलला, अशा सुट्या हालचाली तो सोडून देतो. त्यासाठीच बरीचशी घड्याळं पहिली काही पावलं लगेच दाखवत नाहीत. लय टिकते आहे अशी खात्री झाली की मागचा हिशोब एकदम जोडून टाकतात. चहा आणायला स्वयंपाकघरात चार पावलं गेलात तर ती मोजलीच जात नाहीत, आणि तिथेच उभं राहून दहा मिनिटं पोळ्या लाटल्या तर त्या मोजल्या जातात, याचं कारण हेच.

त्यामुळे कोणत्या कामात खोटी पावलं पडतील याचा अंदाज आधीच बांधता येतो. तीन गोष्टी बघायच्या: लय चालण्याच्या जवळपास आहे का, मनगट पुरेसं हलतंय का, आणि काम न थांबता चालतं का. लाटणं पुढे-मागे जातं तेव्हा तिन्ही जमतात. भाकरी थापताना तर लयीच्या जोडीला प्रत्येक थापेचा धक्काही असतो, आणि तो टाच टेकल्यासारखाच उमटतो. भांडी घासताना हात गोल फिरतो, दात घासताना मागे-पुढे. कपड्यांना ब्रश मारणं, नारळ खवणं, रवीने ताक घुसळणं, पाळण्याची दोरी ओढणं ही सगळी त्याच पंगतीतली कामं. उलट भाजी चिरताना मनगट जागेवरून फारसं हलत नाही, म्हणून सहसा काही वाढत नाही. कणीक मळण्यात ताकद पुष्कळ लागते, पण दाब सावकाश आणि लय मोडकी, त्यामुळे तिथे कधी वाढतात, कधी नाही. टायपिंगमध्ये जवळजवळ नाहीच. म्हणजे ऑफिसात बसून हजार-दोन हजार वाढत असतील तर कीबोर्डवर संशय घेऊ नका, आधी येण्या-जाण्याचा प्रवास तपासा.

कंपन्यांनाही हे ठाऊक आहे आणि त्या ते लपवत नाहीत. गार्मिनच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलंच असतं की भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या घालणं, टाळ्या वाजवणं अशा एकसारख्या हालचाली घड्याळ पावलं म्हणून धरू शकतं. आपल्यापैकी पुस्तिका कोण वाचतं, हा भाग वेगळा.

आमच्या मजल्यावरच्या काकू सोलापूरकडच्या. त्यांच्याकडे रोज ज्वारीच्या भाकऱ्या होतात आणि घड्याळ उजव्या हातात असतं, कारण डाव्यात पाटल्या. त्या परातीपाशी बसल्यावर घड्याळाची स्क्रीन बघत राहिलो. पहिल्या थापांना आकडा ढिम्म. भाकरी तळहाताएवढी झाली तेव्हा तो एकदम डझनभराने उडाला आणि मग थापेगणिक एकेक चढत गेला. भाकरी तव्यावर पडली, पाणी फिरवलं, उलटली, तेवढा वेळ तो थांबला. दुसरा उंडा घेतला, पुन्हा थोडा वेळ शांतता, पुन्हा एकदम उडी. काकू म्हणाल्या, "अरे, म्हणजे बसल्या जागी माझी पंढरपूरची वारी झाली की!" मग पाटल्या उजव्या हातात गेल्या आणि घड्याळ डाव्यात आलं. डावा हात भाकरीला नुसता आधार देतो आणि ती फिरवतो. उरलेल्या भाकऱ्यांना आकडा जेमतेम हलला.

आधी चार तपासण्या

पहिली तपासणी सगळ्यात सोपी, आणि नेमकी तीच राहून जाते. घड्याळाच्या स्क्रीनवरचा आकडा आणि फोनच्या ॲपमधला आकडा शेजारी शेजारी धरून बघा. घड्याळात कमी आणि ॲपमध्ये बराच जास्त असेल, विशेषतः दुपटीच्या आसपास, तर हाताचा काही संबंध नाही. फोनमध्येही पावलं मोजणारा सेन्सर असतो. घड्याळाची पावलं आणि फोनची पावलं दोन्ही एकाच ॲपमध्ये येऊन पडतात, आणि ॲपला ती एकाच चालण्याची आहेत हे कळलं नाही तर बेरीज होते. दोन-तीन फिटनेस ॲप एकमेकांना जोडून ठेवलेल्यांकडे हे हमखास होतं. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये पावलांच्या पानावर तळाशी डेटा कुठून येतो त्याची यादी असते. तिथे घड्याळ सगळ्यात वर ठेवा आणि नको ते ॲप बंद करा. अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट वापरत असाल तर त्यातही कोणत्या ॲपचा आकडा आधी धरायचा तो क्रम लावता येतो. इथेच प्रश्न सुटला तर पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरी तपासणी चालण्याची. सपाट रस्त्यावर किंवा गच्चीवर जा, घड्याळातला आकडा लिहून घ्या, मनात मोजत बरोबर २०० पावलं टाका, थांबा, मिनिटभराने पुन्हा आकडा बघा. फरक १९० ते २१० च्या दरम्यान आला तर सेन्सर ठणठणीत आहे. मोजताना फोनवर बोलू नका आणि घड्याळाचा हात खिशात घालू नका. पावलं तोंडाने मोजत जाणाऱ्या माणसाकडे वॉचमन जरा चमत्कारिक नजरेने बघतो, त्याला इलाज नाही.

तिसरी बसल्या जागची. ज्या कामाचा संशय आहे ते काम बसून किंवा एका जागी उभं राहून पाच मिनिटं करा, पावलं अजिबात न टाकता. आधीचा आणि नंतरचा आकडा लिहा. काम सलग करा, कारण तुटक केलं तर वर सांगितलेली पहिल्या पावलांची चाळणी मध्ये येते आणि काहीच वाढत नाही. मग वाटतं, कालच तर वाढत होतं, आज का नाही? फोन या वेळी टेबलावर ठेवा, खिशात नको.

कोणत्या कामावर संशय घ्यायचा हेच कळत नसेल तर ॲपमध्ये दिवसाचा तासावारी आलेख उघडा. सकाळी सात ते आठमध्ये उंच खांब आणि तुम्ही त्या वेळी ओट्यापाशी, तर आरोपी सापडला. खांब साडेनऊला असेल आणि तेव्हा तुम्ही स्कूटरवर असाल, तर वेगळी गोष्ट. तिच्याकडे पुढे येतो. ज्यांच्या घड्याळात चढलेले मजलेही दिसतात त्यांना आणखी एक खूण मिळते. मजले ओळखायला हवेच्या दाबाचा सेन्सर लागतो, आणि तो लाटण्याने फसत नाही. 'आज मी जिना चढून-उतरून दमलो, म्हणून स्टेप्स जास्त' असं वाटत असेल आणि मजले मात्र शून्य असतील, तर जिन्याचा मुद्दा बाद.

चौथी तपासणी झोपताना करायची. घड्याळ मनगटावरून काढून स्थिर टेबलावर ठेवा, चार्जरला लावू नका, सकाळी बघा. मध्यरात्री दिवस बदलला की आकडा शून्य होतो, तो सकाळीही शून्यच असायला हवा. पडल्या पडल्या वाढला असेल तर तो यंत्राचा दोष, घरच्या उपायांनी जाणारा नाही.

हात आणि सेटिंग

बहुतेकांचा प्रश्न इथे मिटतो. ज्या हाताने लिहिता त्या हातात घड्याळ असेल तर ते दुसऱ्या हातात घाला. भांडी घासणं, दात घासणं, ढवळणं, पुसणं, इस्त्री, फळ्यावर लिहिणं या सगळ्यांत एक हात राबतो आणि दुसरा धरून ठेवतो. घड्याळ धरणाऱ्या हातात असलेलं बरं. डावखुऱ्या माणसांनी अर्थातच उजव्यात घालावं. बाजारात सगळे डाव्या हातात घालतात म्हणून तेही डाव्यात घालतात आणि वर्षभर खोटी पावलं गोळा करतात.

हात बदलला की ॲपमध्येही सांगा. डावा की उजवा असा पर्याय बहुतेक नावाजलेल्या कंपन्यांच्या ॲपमध्ये असतो. फिटबिटमध्ये तर राबता हात की दुसरा हात असं विचारतात, आणि त्यावर मोजणीची संवेदनशीलता ठरते. राबता हात निवडला की घड्याळ लहानसहान हालचालींकडे जास्त दुर्लक्ष करतं. त्यामुळे घड्याळ डाव्यातच ठेवून सेटिंग मात्र राबत्या हाताचं करायचं, ही युक्ती फिटबिटवाल्यांना उपयोगी पडते. खोटी पावलं कमी होतात. पण त्यानंतर २०० पावलांची चाचणी पुन्हा करा, कारण चाळणी बारीक केली की खरी पावलंही अडकू शकतात. विशेषतः घरात कुणी सावकाश चालणारं असेल, गुडघेदुखी असेल, काठी असेल, तर त्यांच्या घड्याळात हे सेटिंग करू नका. मनगटी घड्याळं मंद चाल आधीच कमी धरतात.

अगदी स्वस्त घड्याळांत हाताची निवड नसतेच बऱ्याचदा. तिथे हात बदलणं एवढंच आपल्या हाती उरतं.

आणि काही कामांत हात बदलूनही फरक पडत नाही, कारण दोन्ही हात सारखेच चालतात. पोळ्या लाटणं हे त्यातलं पहिलं, धुणं दुसरं आणि टाळ्या तिसरं. या कामांना सेटिंगचा उपाय नाही. घड्याळ काढा. कणीक लागलेल्या हाताने घड्याळ काढायला नको म्हणून परात घ्यायच्या आधीच काढायची सवय लावली तर पट्टाही स्वच्छ राहतो. नाडीचे ठोके सतत मोजायचे असल्याने ज्यांना ते काढायचं नाही, त्यांनी त्या तासाची पावलं सरळ हिशोबातून वजा करावीत. बसल्या जागच्या चाचणीत पाच मिनिटांना किती वाढतात ते कळलेलंच आहे, आणि रोजच्या पोळ्यांना लागणारा वेळ फारसा बदलत नाही.

स्वयंपाक करताना घड्याळ खिशात ठेवा, असंही सुचवलं जातं, आणि ते चुकीचं नाही. खिशातल्या घड्याळाला ओटा ते फ्रिज ही खरी पावलं कळतात आणि लाटणं कळत नाही. पण साडीला आणि गाऊनला खिसा नसतो, हे सुचवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. काही बँड पट्ट्यातून काढून क्लिपमध्ये बसवता येतात आणि कमरेला अडकवता येतात. तो प्रकार चांगला, फक्त क्लिपमध्ये नाडी मोजली जात नाही. घोट्याला बांधायच्या युक्तीचा मला भरवसा वाटत नाही. मोजणीचा सगळा हिशोब मनगटासाठी बांधलेला असतो, पायाला बांधल्यावर तो कसा वागेल ते घड्याळागणिक वेगळं.

पट्टा आणि बांगड्या

सैल घड्याळ मनगटावर स्वतःचं स्वतः हलतं. हात एकदा हलला की घड्याळ दोनदा, एकदा हाताबरोबर आणि एकदा मागाहून घसरून. पट्टा इतपत आवळा की हात झटकला तरी घड्याळ जागेवर राहावं आणि काढल्यावर कातडीवर वळ उठू नये. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, म्हणजे कोपराच्या बाजूला, ही जागा चांगली. नाडी मोजणाऱ्या हिरव्या दिव्यालाही तीच मानवते.

त्याच हातात बांगड्या, कडं किंवा पितळी ब्रेसलेट असेल तर त्याचा प्रत्येक ठोका घड्याळाच्या अंगावर बसतो आणि चिपला जाणवतो. एरवी सुटे ठोके गाळले जातात, पण काम लयीत चाललं की बांगड्याही लयीत आपटतात. शक्य असेल तर घड्याळाचा हात मोकळा ठेवा.

गाडीवरची पावलं

दुचाकीवर पावलं वाढली की लोक इंजिनच्या थरथरीला दोष देतात. मला ते पटत नाही. गाडी नुसती उभी राहून चालू असते तेव्हाही इंजिन मिनिटाला हजाराच्या वर फेऱ्या घेतं. १,२०० धरल्या तर सेकंदाला २०. चालण्याची लय सेकंदाला दोन. दहापट वेगाची थरथर प्रोग्रॅमला सहज वेगळी काढता येते. खरा गुन्हेगार रस्ता. पेव्हर ब्लॉकचे सांधे, ओळीने घातलेले गतिरोधकांचे पट्टे, खड्डे, आणि त्यावरून कमी वेगात जाणारी गाडी, म्हणजे सेकंदाला एक-दोन दणके हँडलमधून थेट मनगटात. चांगल्या हायवेवर तीच गाडी, तेच घड्याळ, आणि पावलं जवळजवळ वाढत नाहीत. एसटीतही तसंच, समोरच्या दांड्याला धरून बसलात तर जास्त, हात मांडीवर ठेवलात तर कमी.

यावर पक्का उपाय नाही. घड्याळ हँडलवरच्या हातातून काढून बॅगेत टाकणं हा एक. काही घड्याळांत सायकलिंगचा व्यायाम सुरू केला की तेवढ्यापुरती पावलांची मोजणी थांबते, म्हणून काही जण स्कूटरवर बसताना सायकलिंग सुरू करतात. कृपा करून हे करू नका. पावलं वाचतील, पण ताशी ४० किलोमीटर वेगाने सायकल चालवल्याची नोंद होईल आणि त्या सगळ्या कॅलरी तुमच्या खात्यावर चढतील. खोटी पावलं परवडली.

उत्सव, भजन, पाळणा

गणपतीचे दहा दिवस आरतीच्या टाळ्यांनी आकडा फुगतो. रोजची आरती दहा-पंधरा मिनिटं चालते, टाळ्यांची लय चालण्याच्या लयीशी जुळते आणि लोकांचा जोर कमी होत नाही. भजनात टाळ वाजवणाऱ्यांचंही तेच. ढोल-ताशा पथकातल्या मुलांनी तर सरावाच्या दिवसांत पावलांकडे बघूच नये. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, दोन्ही मनगटं तासन्‌तास चालू. तिथे मेहनत प्रचंड होते यात वाद नाही, पण ती पावलांच्या रकान्यात मोजायची नाही. त्यापेक्षा घड्याळात इतर व्यायाम किंवा तत्सम नावाचा पर्याय सुरू करून नाडी आणि वेळ नोंदवा, मेहनतीचा हिशोब जास्त खरा मिळेल.

तान्हं बाळ घरात असलेल्यांची गंमत अशी की दोन चुका एकमेकींना झाकतात. पाळणा हलवताना किंवा बाळाला थोपटताना खोटी पावलं वाढतात, आणि बाळाला दोन्ही हातांत घेऊन फेऱ्या मारताना खरी पावलं गळतात, कारण हात झुलतच नाही. दिवसाची बेरीज दिसायला ठीकठाक येते. सुपरमार्केटची ट्रॉली, बाबागाडी, जिन्याचा कठडा, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, सगळीकडे हीच गळती. म्हणून 'माझ्या घड्याळाचा दिवसाचा आकडा बरोबर येतो' यावर फार विसंबू नका. तो दोन चुकांची वजाबाकी असू शकतो.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी हा सगळा प्रश्नच वेगळा आहे, कारण हात हेच त्यांचं चालणं. ॲपल वॉचमध्ये २०१६ पासून त्यासाठी स्वतंत्र सेटिंग आहे. ते चालू केलं की घड्याळ पावलांऐवजी चाकाला दिलेले रेटे मोजतं. घरात कुणी व्हीलचेअर वापरत असेल आणि घड्याळ ॲपलचं असेल तर हे सेटिंग आवर्जून बघा.

जे करून उपयोग नाही

फॅक्टरी रीसेट. त्याने पावलं मोजायचा प्रोग्रॅम बदलत नाही, फक्त सिंक न झालेली नोंद जाते. खोटी पावलं एखाद्या अपडेटनंतर अचानक सुरू झाली असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा पुढच्या अपडेटची वाट बघा आणि ते आलं की घाला.

उंची किंवा पावलाची लांबी बदलणं. त्याने पावलांच्या संख्येवर काही परिणाम होत नाही, अंतरावर होतो. जीपीएस चालू नसेल तर घड्याळ पावलांना पावलाच्या लांबीने गुणून अंतर काढतं, आणि ती लांबी उंचीवरून धरतात, साधारण उंचीच्या ०.४१ पट. १६५ सेंटीमीटर उंचीला पाऊल सुमारे ६८ सेंटीमीटरचं झालं. म्हणजे दीड हजार खोटी पावलं पडली की बसल्या जागी एक किलोमीटर चालून होतं. अंतर आणि कॅलरी दोन्ही फुगलेली दिसतात ती यामुळे. ॲपल वॉचमध्ये मोकळ्या मैदानात २० मिनिटं चालून कॅलिब्रेशन करायला सांगतात. तेही अंतर आणि वेग सुधारण्यासाठी आहे, लाटण्यासाठी नाही.

घड्याळ बदलून महागडं घेणं. महाग घड्याळांची चाळणी सहसा बरी असते, पण मनगट बघून पाय ओळखायची अडचण त्यांनाही आहेच.

नक्की आकडाच हवा असेल तर

कुणाला ऑफिसच्या स्टेप्स स्पर्धेसाठी आकडा हवा असतो. तिथे माझा सल्ला चालणार नाही, कारण तिथे खुर्चीत बसून हात हलवणारे आधीच पुढे असतात. पण डॉक्टरांनी ऑपरेशननंतर रोज अमुक पावलं चाला असं सांगितलं असेल, किंवा आरोग्य विम्यातल्या सवलतीसाठी पावलं द्यावी लागत असतील, तर मनगटावर भिस्त ठेवू नका. फोन पँटच्या खिशात ठेवून चाला आणि फोनचा आकडा धरा, किंवा कमरेला लावायचा साधा पेडोमीटर घ्या. कंबर भाकऱ्या थापत नाही.

पावलं मोजायची पद्धत आली तीच मुळी कमरेवरून. जपानच्या यामासा कंपनीने १९६५ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्याच वर्षी, कमरेला लावायचा पेडोमीटर विकायला काढला, आणि दिवसाला १०,००० पावलं हा आकडा त्याच्या नावातच होता. तो विक्रीसाठी निवडलेला आकडा होता, संशोधनातून आलेला नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं टाकणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढताना दिसला नाही. आपल्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा तपशील असा की त्या स्त्रियांनी सेन्सर कमरेला लावला होता. आपल्या मनगटावरचे ७,५०० आणि त्यांच्या कमरेवरचे ७,५०० सारखे नाहीत, त्यातून आपल्याकडच्या पोळ्या वजा करायच्या आहेत.

आकड्याचा हा घोळच नको असेल तर मिनिटं मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी पावलांत नाहीतच. मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी असं त्या सांगतात. संध्याकाळी फिरायला निघताना घड्याळात चालण्याचा व्यायाम सुरू करायचा, घरी आल्यावर बंद करायचा, आणि तेवढीच नोंद खरी मानायची. स्वयंपाकघरात काय वाढलं ते मग कुणी बघतच नाही.

सर्व्हिस सेंटरला केव्हा जायचं

दोनच प्रसंगी. टेबलावर पडलेल्या घड्याळात आकडा वाढतो, किंवा मोकळ्या हाताने चाललेल्या २०० पावलांत फरक पुन्हा पुन्हा वीस-तीसच्या वर जातो, हात बदलून आणि पट्टा आवळूनही. जाताना बिल घ्या आणि घड्याळाच्या सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक लिहून न्या. टेबलावर आकडा वाढत असेल तर त्याचा फोनवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण काउंटरवर नेल्यावर घड्याळं हटकून शहाण्यासारखी वागतात. आणि तक्रार सांगताना 'हात हलवला की स्टेप्स वाढतात' असं म्हणू नका. ते ऐकून समोरचा मुलगा रीसेट मारून परत देईल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. 'घड्याळ टेबलावर असताना वाढतात' किंवा '२०० चाललो, २६० दाखवले' असं सांगा आणि तक्रारीच्या पावतीवर तेच शब्द लिहून घ्या.